डोंगल आणि त्याचा दुभाषी

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत यूएसबी मोडेमसारख्या क्षुल्लक वस्तूवर लेख असावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. अंगठ्याएवढी ती वस्तू. कोणी तिला डोंगल म्हटले, कोणी डाटा कार्ड, तर आयडिया कंपनीने ठेवलेल्या नावावरून अनेकांनी सरसकट ‘नेटसेटर’. ज्या घरी दूरध्वनीची तार पोचली नव्हती किंवा पोचूनही पावसाळ्यात मुकी होत असे, त्या घरी सुमारे २००८ ते २०१६ या काळात इंटरनेट येण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची यादी, संत्र्याचा बाजारभाव ही सारी कामे या एवढ्याशा वस्तूवर अवलंबून राहू लागली होती.

परंतु तिची एक खोड होती. एका संगणकावर ती सुरळीत चाले आणि दुसऱ्यावर जणू ओळखच दाखवीत नसे. विकणारा म्हणे, संगणक बिघडला आहे. संगणक दुरुस्त करणारा म्हणे, डोंगल बिघडले आहे. बहुतेक वेळा दोघांचेही निदान चुकीचे असे. संगणक धड असे, डोंगलही धड असे. दोघांच्या मध्ये जो दुभाषी हवा, तो तेवढा गैरहजर असे. त्या दुभाष्याला संगणकशास्त्रात ड्रायव्हर म्हणतात. शब्दशः भाषांतर करून त्याला ‘चालक’ म्हणण्याची प्रथा हिंदी पाठ्यपुस्तकांत आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे, कारण ड्रायव्हर काही चालवीत नाही. एकाचे बोलणे तो दुसऱ्याच्या भाषेत सांगतो.

दुभाष्याचे महत्त्व पांढुर्णा आणि सौंसरच्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. १९५६ पूर्वीच्या ज्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, त्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातले हे दोन मराठी तालुके अलीकडे राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तरी कचेरीची भाषा हिंदीच राहिली. घरात मराठी बोलणारा शेतकरी तहसिलीत जातो तेव्हा त्याचे म्हणणे कागदावर हिंदीत उतरवून देणारा अर्जनवीस लागतो. शेतकऱ्याचे म्हणणे खरे असते, कचेरीतला नियमही खरा असतो. अर्जनवीस त्या दिवशी आला नाही, तर दोन्ही खरेपणांचा काही उपयोग होत नाही. पुढील विवेचनात हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली जाहीर झाली. तिच्यामागची कल्पना अशी की, कोणतेही उपकरण खाचेत घातले की त्याने प्रथम आपला परिचय द्यावा. या परिचयात दोन क्रमांक असतात, एक उत्पादक कंपनीचा व दुसरा त्या वस्तूच्या नमुन्याचा. दोन्ही षोडशमान पद्धतीत चार अंकी लिहिले जातात. हुआवे कंपनीचा क्रमांक १२डी१, झेडटीई कंपनीचा १९डी२. याखेरीज उपकरण आपला ‘वर्ग’ही सांगू शकते: मी कळफलक आहे, मी साठवणीचे साधन आहे, मी ध्वनियंत्र आहे. ही वर्गाची सोय फार मोलाची ठरली. कळफलक कोणत्याही कंपनीचा असो, तो त्या वर्गाच्या ठरलेल्या भाषेतच बोलतो, म्हणून एकच ड्रायव्हर जगातल्या साऱ्या कळफलकांना पुरतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर, म्हणजे संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीबरोबर, आधीच आलेला असतो. पेनड्राइव्ह घातल्याबरोबर उघडते त्याचे कारण हेच.

मोबाइल मोडेमच्या बाबतीत मात्र आरंभीची अनेक वर्षे अशी सर्वमान्य भाषा व्यवहारात आली नाही. उपकरणे आपला वर्ग ‘कंपनीचा स्वतःचा’ असा सांगत. म्हणजे कचेरीत येऊन ‘माझी भाषा माझ्या गावचा माणूसच जाणतो’ असे सांगण्यासारखे झाले. मग संगणकाला त्या दोन क्रमांकांवरून विशिष्ट दुभाषी शोधावा लागे, आणि तो नसेल तर विषय संपला.

वस्तुतः या मोडेमांच्या पोटातली भाषा काही नवी नव्हती. १९८१ साली अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याला द्यावयाच्या आज्ञा ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होत. इंग्रजीतल्या ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या शब्दाचे ते लघुरूप. पुढे डी हे अक्षर लिहिले की मोडेम क्रमांक फिरवी. तीस वर्षांनंतरचे थ्रीजी डोंगलही हेच करीत असे. कोठेही दूरध्वनीची तार नसताना ते संगणकाला सांगे की मी जुन्या पद्धतीचा तारेचा मोडेम आहे. संगणक ‘तारा-नव्याण्णव-चौकट’ हा क्रमांक फिरवी, सीडीएमए जातीचे डोंगल असल्यास ‘चौकट-सात-सात-सात’, आणि पलीकडे कोणी फोन उचलला आहे अशा थाटात इंटरनेटची जोडणी होई. नव्या वस्तूने जुना वेष घेण्यात लबाडी नव्हती, सोय होती, कारण जुन्या मोडेमशी बोलता येणे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊकच होते. केवळ ‘या क्रमांकाची वस्तू म्हणजे मोडेमच समजा’ एवढे तिला कोणीतरी सांगायला हवे होते.

ते सांगण्याची जी युक्ती कंपन्यांनी काढली तिच्यात खरी गुंतागुंत आहे. ड्रायव्हर ग्राहकापर्यंत पोचवायचा कसा? पूर्वी खोक्यात सीडी देत. पण लहान लॅपटॉपांतून सीडीची खाच नाहीशी होऊ लागली होती. तेव्हा डोंगलच्या आतच थोडी स्मृती ठेवून तीत विंडोजचा ड्रायव्हर भरला गेला. खाचेत घालताच डोंगल आपण मोडेम असल्याचे सांगतच नसे; मी सीडी आहे, असे सांगे. विंडोज त्या खोट्या सीडीवरचे सॉफ्टवेअर चालवी, ड्रायव्हर संगणकात बसे, आणि मग ते सॉफ्टवेअर डोंगलला एक गुप्त निरोप देई. निरोप मिळताच डोंगल क्षणभर अदृश्य होऊन दुसऱ्या क्रमांकासह मोडेम म्हणून पुन्हा प्रकट होई. हुआवेचे ई१५५० हे आपल्याकडे भरपूर खपलेले डोंगल प्रथम १४४६ या क्रमांकाने येत असे आणि वेष पालटल्यावर १००१ या क्रमांकाने.

विंडोजच्या ग्राहकाला यातले काही दिसत नसे. परंतु ज्याच्या संगणकावर लिनक्स होते त्याच्यापुढे केवळ एक सीडी येई, तीही त्याच्या उपयोगाची नसलेली. इथे शाळांचा प्रश्न येतो. जुन्या, दान मिळालेल्या संगणकांवर विंडोजची नवी आवृत्ती चालत नाही आणि परवान्याचे पैसेही नसतात. अशा ठिकाणी लिनक्स हाच शहाणपणाचा मार्ग असतो. सीडॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्सची आवृत्ती काढली ती अशाच गरजेपोटी. संगणक मराठी बोलू लागला, पण दारातल्या मोडेमशी त्याचे बोलणे होईना, अशी विचित्र स्थिती त्या काळात कित्येकांच्या वाट्याला आली.

ही कोंडी कंपन्यांनी फोडली नाही, वापरणाऱ्यांनी फोडली. जर्मनीतील जोसुआ डीट्झे यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. विंडोजचे सॉफ्टवेअर डोंगलला नेमका कोणता निरोप पाठवते, हे तारेवरची वाहतूक टिपून पाहता येते. पुष्कळ डोंगलांच्या बाबतीत तो निरोप अवघा एकतीस बाइटांचा निघाला; त्याच्या आरंभी ‘यूएसबीसी’ ही चार अक्षरे असतात, आणि साठवणीच्या उपकरणांना दिल्या जाणाऱ्या सामान्य आज्ञेचाच तो साचा आहे. झेडटीईच्या काही डोंगलांना तर ‘सीडी बाहेर काढ’ एवढी नेहमीची आज्ञा दिली तरी ती वेष पालटीत. कुलूप म्हणून जे मिरवले जात होते ते एवढेच होते! जगभरातल्या लोकांनी आपापल्या डोंगलांचे निरोप शोधून त्या प्रोग्रामबरोबरच्या यादीत भर घातली.

वेष पालटल्यावरचे काम लिनक्समधील ‘ऑप्शन’ नावाच्या ड्रायव्हरने उचलले. ऑप्शन ही बेल्जियममधील एक कंपनी. तिच्या मोबाइल कार्डांसाठी माथियास उर्लिक्स यांनी २००५ च्या सुमारास हा ड्रायव्हर लिहिला, म्हणून त्याला ते नाव पडले. त्याआधी लोक यूएसबीचा साधा सर्वसामान्य ड्रायव्हर वापरून पाहत, पण त्याची ओंजळ लहान. थ्रीजीच्या वेगाने येणारी माहिती तीत मावत नसे व सांडून जाई. नव्या ड्रायव्हरने एका वेळी अनेक ओंजळी पुढे केल्या. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. तिचा फार मोठा भाग म्हणजे नुसती यादी आहे: कंपनीचा क्रमांक, नमुन्याचा क्रमांक, अशा जोड्या ओळीमागून ओळी. बाजारात नवे डोंगल आले की यादीत एक ओळ वाढवायची. ओळ वाढवणारा त्या कंपनीचा अभियंता असलाच पाहिजे असे नाही; ज्याच्या हातात ती वस्तू आहे आणि जो ती तपासून पाहू शकतो, असा कोणीही चालतो. अर्जनवीस हा धंदा काही घराण्यांपुरता राखीव नसून लिहिता येणाऱ्या कोणालाही खुला असावा, तसेच हे.

हाच अनुभव मराठीने आणखी एका क्षेत्रात घेतला आहे व तो इथे आठवण्याजोगा आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाई तो श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरांत. प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा समान संकेत ठरवून दिला होता, पण छपाईच्या व्यवहारात ज्याचे त्याचे फाँटच चालू राहिले. परिणामी त्या काळच्या कित्येक स्मरणिकांच्या फायली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. छापलेली प्रत मात्र पूर्ववत वाचता येते. युनिकोड रूढ झाल्यावर ही अडचण नव्या मजकुरापुरती मिटली. फाँट काय किंवा डोंगल काय, वस्तू विकत घेणाऱ्याच्या मालकीची झाली तरी तिची भाषा विकणाऱ्याच्याच मुठीत राहिली होती.

विंडोज वापरणारे या त्रासातून सुटले असे मानण्याचे कारण नाही. त्यांचा त्रास पुढे ढकलला गेला एवढेच. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांत, व्हिस्टापासून पुढे, कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर प्रमाणित अंकीय स्वाक्षरी हवी, असा नियम लागू झाला. नियम योग्यच होता, कारण गाभ्यात शिरलेला दुभाषी अप्रामाणिक निघाला तर सगळेच गमावते. पण एक्सपीच्या काळात ३२ बिटांसाठी लिहून डोंगलच्या पोटात कायमचा भरून ठेवलेला ड्रायव्हर नवी स्वाक्षरी आणणार कोठून? कंपनीने नवी आवृत्ती दिली तर ठीक. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे. मॅकवरही २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोग्राम चालेनासे झाले. गंमत अशी की, ज्या जुन्या डोंगलांना त्यांच्या कंपन्यांनी वाऱ्यावर सोडले, त्यांतली बरीचशी आजच्या लिनक्समध्ये ओळखली जातात, कारण यादीतली ओळ कोणी पुसलेली नाही.

आता आपल्या सीमाभागाचा एक खास प्रश्न. नागपूरहून येणारा रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलला. खरेदी, शिक्षण, दवाखाना या साऱ्यांसाठी इथल्या माणसाची पावले नागपूरकडे वळतात, त्यामुळे डोंगल आणि त्यातले सिम सीताबर्डीच्या दुकानातून आलेले असणे स्वाभाविक होते. परंतु दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र व गोवा हे एक सर्कल आणि मध्य प्रदेश व छत्तीसगड हे दुसरे. कंपनी तीच असली तरी जाळ्याचा क्रमांक बदलतो; आयडियाचे महाराष्ट्रातले जाळे ४०४-२२ या क्रमांकाचे होते व मध्य प्रदेशातले ४०४-७८. म्हणून नागपूरचे सिम सौंसरला परकीय ठरे. मोडेमला ‘तू कोणत्या जाळ्यात नोंदला गेला आहेस’ असे विचारण्याची एटी आज्ञा आहे. उत्तर १ आले तर मोडेम स्वगृही आहे, ५ आले तर रोमिंगवर, २ म्हणजे अजून शोधतो आहे, ३ म्हणजे जाळ्याने नकार दिला. जोडणीच्या काही सॉफ्टवेअरांत रोमिंगवर डेटा बंद ठेवण्याचा पर्याय असतो. तो लागू असेल, तर पडद्यावर सिग्नलच्या सर्व रेघा दिसत आणि तरीही एक पान उघडत नसे. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढून बसवणे म्हणजे पाय दुखत असता डोक्याला औषध लावणे. ज्याला या एका आज्ञेचे उत्तर वाचता येई, त्याचे काम अर्ध्या मिनिटात होई.

सिग्नलच्या रेघांचेही असेच. त्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लहरीवर असतात. मोडेम स्वतः ० ते ३१ असा आकडा देतो, व ९९ म्हणजे मोजता आले नाही. आकडा एकाने वाढला की सिग्नल दोन डेसिबलने वाढतो. लांब यूएसबी तार लावून डोंगल खिडकीशी, मग दाराशी, मग माडीवर धरून हा आकडा वाचीत जावे; कोणत्या भिंतीआड सिग्नल मरतो ते मुलांना डोळ्यांनी दिसते. भौतिकशास्त्राच्या तासाला याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण.

पुढे वर्गाची भाषा मोडेमांनाही मिळाली. यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या मंडळाने नोव्हेंबर २०११ मध्ये ‘एमबीआयएम’ हा मोबाइल मोडेमांचा समान वर्ग जाहीर केला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याचा ड्रायव्हर अंगभूतच आला, आणि लिनक्समध्येही लवकरच आला. क्वालकॉमच्या चिपांची स्वतःची भाषा जाणणारा ड्रायव्हर नॉर्वेच्या ब्यॉर्न मॉर्क यांनी लिहिला व तो २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. दुसरीकडे काही डोंगलांनी मोडेमचे सोंगच टाकून दिले. हुआवेच्या ‘हायलिंक’ प्रकारची डोंगले स्वतःच जोडणी करतात व संगणकाला आपण केवळ नेटवर्क कार्ड असल्याचे सांगतात. क्रमांक फिरवणे नाही, वेगळे सॉफ्टवेअर नाही, ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकला की डोंगलचे पान उघडते. सोय मोठी, पण मोडेमला थेट प्रश्न विचारण्याची वाट तिच्यामुळे अरुंद झाली, हेही नमूद करायला हवे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त फोरजी फोन हाच सर्वांचा मोडेम बनला. ड्रायव्हरचा प्रश्न तेव्हा मिटल्यासारखा वाटला, परंतु तो फोनच्या तारेत जाऊन बसला आहे. वायफाय नसलेल्या जुन्या संगणकाला अँड्रॉइड फोन तारेने जोडला, तर बहुतेक फोन मायक्रोसॉफ्टने आखलेल्या ‘आरएनडीआयएस’ भाषेत बोलतात. विंडोज आणि लिनक्स ती जाणतात. मॅकमध्ये तिचा दुभाषी अंगभूत नाही. तेव्हा फोन चालतो आणि मॅकवर चालत नाही, असे दिसले तर फोनला किंवा तारेला दोष देण्याआधी हे आठवावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या कपाटात अशी जुनी डोंगले पडून असतील आणि ती शाळेच्या संगणककक्षास द्यावीत असे काहींच्या मनात येईल. देण्यापूर्वी त्यांची जात पाहावी. रिलायन्स आणि टाटा यांच्या सीडीएमए सेवा २०१७ च्या सुमारास बंद पडल्या. त्या डोंगलांना उत्तम ड्रायव्हर मिळाला तरी पलीकडे बोलायला कोणी नाही. एअरटेलने आपले थ्रीजी जाळे २०२० पर्यंत देशभर बंद केले, त्यामुळे केवळ थ्रीजीची डोंगलेही फारशी उपयोगी नाहीत. फोरजीची मात्र अवश्य द्यावीत, आणि सोबत एका चिठ्ठीवर वस्तूचे दोन्ही क्रमांक, वेष पालटण्यापूर्वीचा व नंतरचा, लिहून द्यावेत. लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ते दाखवते, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर. उरलेल्या निरुपयोगी डोंगलांपैकी ज्यांना मेमरी कार्डाची खाच आहे ती फेकून देऊ नयेत. त्यांचा मोडेम मेला असला तरी ती खाच साठवणीच्या साध्या, सर्वमान्य वर्गाची आहे, आणि कोणत्याही संगणकात घातली तरी कार्ड अजून वाचता येते.